ताईच्या बोअरला किती एचपी

"माणूस खोटं बोलेल, पण जळालेली मोटार खोटं बोलत नाही," असं मोटारमामा म्हणायचा आणि गिऱ्हाइकं निमूट ऐकून घ्यायची. न ऐकून सांगतात कुणाला! पंपाची मोटार जळली की ती मामाच्या दुकानातल्या लाकडी बाकावर येऊन पडायची. मामा तिचं झाकण उघडायचा, आतल्या तारांच्या गुंडाळ्यांकडे जाड चष्म्यातून पाहायचा आणि निकाल द्यायचा. एकाच बाजूच्या गुंडाळ्या काळ्या असतील तर दोष विजेचा. सगळ्या सारख्याच काळ्या असतील तर मोटार कुवतीबाहेर चालली किंवा पाण्याशिवाय कोरडी चालली. विकणारा म्हणे वापरणाऱ्याची चूक, वापरणारा म्हणे माल खराब, आणि दोघेही येत मामाकडे. मामा पकडीने एक जळकी तार उपटायचा, दोघांच्या नाकासमोर धरायचा आणि म्हणायचा, "मला कशाला विचारता? हिला विचारा." तीस वर्षांत त्या निकालावर कुणी हरकत घेतली नव्हती.

मामा हे नाव त्याला थोरल्या बहिणीच्या लेकीमुळे पडलं. ती लहानपणी दुकानात बसून "मामा, मामा" करायची, ते गल्लीने उचललं. आता सत्तरीचे म्हातारेसुद्धा त्याला मामाच म्हणत. माणूस बुटका, बोटांना व्हार्निशचा वास कायमचा, आणि कंबर अशी की वाकला तर सरळ व्हायला कुणाचा तरी हात लागे.

इतकं सगळं बरं होतं. पण समोरच मेहुण्याचं दुकान होतं, आणि मामाचं सगळं दुखणं तिथे होतं. कंबरेचं नव्हे, पोटाचं.

मेहुणा म्हणजे मामीचा धाकटा भाऊ. सात वर्षं मामाच्या हाताखाली शिकला. तारेची जाडी चिमटीत ओळखायला, मोटारीचा आवाज ऐकून तिचं दुखणं सांगायला, विहिरीत दोरी सोडून पाण्याची पातळी मोजायला, सगळं मामानेच शिकवलं. मग एक दिवस पाया पडला, आशीर्वाद घेतला आणि रस्त्याच्या पलीकडे नव्या पंपांचं दुकान टाकलं. गावात दुसरी जागा नव्हती म्हणे! काचेचा दरवाजा, गोल फिरणारी खुर्ची, गिऱ्हाइकाला थंड पाणी. पंप ओळीने असे उभे, जसे काही वर्गातले हुशार विद्यार्थी. आणि लोक त्याला म्हणायचे साहेब. मामाला तीस वर्षांत कुणी साहेब म्हटलं नव्हतं. मामा म्हणवून घेण्यात त्याला एरवी आनंद होता, पण समोरून "साहेब" ऐकू आलं की तो आनंद नासायचा.

मामा कधी वाईट बोलला नाही. उलट कुणी विचारलं तर म्हणायचा, "आमचंच पोर आहे, मोठं झालं, बरं वाटतं." फक्त दुकानातला दाढीचा आरसा त्याने जरा तिरका टांगला होता. त्यात दाढी अर्धीच दिसायची, काचेचा दरवाजा मात्र पुरता दिसायचा. कोण आत गेलं, किती वेळ बसलं, हसत बाहेर आलं की तोंड पाडून, सगळं मामाला पाठमोरं बसून कळायचं. मामीला तो आरसा का तिरका आहे हे ठाऊक होतं. पोटदुखी लपवता येते असं ज्याला वाटतं, त्याने लग्न करू नये.

आता ताईचं सांगतो. ताई मामाची थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मामाचे केस हिनेच विंचरले, शाळेत हिनेच सोडलं, आणि तार गुंडाळायचं पहिलं यंत्र हिनेच नर्सच्या नोकरीच्या पहिल्या पगारातून घेऊन दिलं. ते अजून दुकानात होतं आणि मामा त्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. निवृत्त झाल्यावर ताईने गावाबाहेर दोन खोल्यांचं घर बांधलं, पुढे सहा झाडं लावली आणि अंगणात बोअर मारली. चारशे फूट खोल. पाणी लागलं तेव्हा कारंजं दोन पुरुष उंच उडालं, असं तिने मामाला फोनवर सांगितलं होतं. मामाने मनाशी ठरवूनही टाकलं होतं, की आता ताईचा फोन येणार, ती म्हणणार, "अरे, पंप कोणता घेऊ?" आणि आपण म्हणणार, "तू बस गं स्वस्थ. मी आहे ना."

फोन काही आला नाही. पंधरा दिवस गेले. आणि एक दिवस दुपारी जेवताना मामी सहज बोलून गेली, "ताईंच्या बोअरचं काम झालं म्हणे. हा काल दिवसभर तिकडेच होता."

मामाचा घास हातातच राहिला. "हा म्हणजे कोण?"

मामीने जीभ चावली, पण शब्द गेला होता. "अहो, आमचा दादू. ताईंनी बोलावलं होतं त्याला."

"ताईने? त्याला?"

"भात घ्या ना अजून."

भात कसला घेतो! मामाच्या अंगाचा तिळपापड झाला. बाकी सगळं जग काचेच्या दरवाजातून आत गेलं तरी त्याने आरशात बघून सोसलं होतं. पण ताई? जिने यंत्र घेऊन दिलं ती ताई? ज्या विद्येवर हा साहेब झाला ती विद्या माझी, ते यंत्र ताईचं, आणि विचारायचं त्याला? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. हात धुऊन मामा उठला, कंबर धरून रिक्षात बसला आणि थेट ताईच्या घरी गेला.

ताई झाडांना बादलीने पाणी घालत होती. त्याला पाहून तिचा चेहरा फुलला. "अरे, ये ये. एवढ्या उन्हात कशाला आलास? कंबर बरी आहे का?"

"कंबरेचं सोड. पंप ठरला म्हणे."

"ठरला असं नाही. त्याने मोजून दिलंय सगळं." ताईने पदराला हात पुसले आणि आत जाऊन डायरीतून एक घडी केलेला कागद आणला. "दीड एचपी म्हणतोय. हे बघ, इथे त्याने सगळं—"

मामाने हात आडवा केला. "कागद कशाला दाखवतेस मला? पंप काय कागदावर चालतो?"

"अरे, पण बघ तरी."

"चारशे फुटांची बोअर, दोन पुरुष कारंजं, आणि दीड एचपी? ताई, दीड एचपी हौदाला लावतात. तीन लाव. तीनच्या खाली मी ऐकणार नाही."

खरं सांगायचं तर मामाला त्या क्षणी तीन का, हे स्वतःलाही सांगता आलं नसतं. मेहुण्याने तीन म्हटलं असतं तर मामाने दीडच म्हटलं असतं, आणि तितक्याच जोरात. एरवी हाच मामा गिऱ्हाइकांना कानीकपाळी ओरडून सांगायचा, की बोअर किती खोल हे विचारू नका, ती मिनिटाला किती देते ते विचारा, पंप तिच्या देण्यावर ठरतो. मोटारी जाळणारे सगळे लोक खोलीच बघतात, असं म्हणून तो हसायचा. त्या दिवशी त्याने दोरी सोडली नाही, बादली लावली नाही, घड्याळ पाहिलं नाही. अंगणातल्या बोअरकडे तर वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ताई क्षणभर कागदाकडे आणि क्षणभर भावाकडे पाहत राहिली. मग तिने कागद पुन्हा डायरीत ठेवला. "बरं बाबा. तू म्हणतोस तर तीन."

हे शब्द ऐकले आणि मामाचं पोट तीन वर्षांत पहिल्यांदा दुखायचं थांबलं. ताई आपलीच होती. परत जाताना रिक्षावाल्याला त्याने विनाकारण दोन विनोद सांगितले.

पंप बसवायला मेहुण्याचीच माणसं आली, कारण तीन एचपीचा पंपही त्याच्याच दुकानातून आला. मेहुणा स्वतः उभा होता. मामा खुर्ची टाकून बोअरपाशी बसला, मालकासारखा.

"भाऊजी," मेहुणा हळूच म्हणाला, "तुम्ही मोजलंत का?"

"मला मोजायला शिकवतोस?"

"तसं नाही हो. बरं, निदान माझं पॅनेल राहू द्या. पाणी खाली गेलं तर मोटार आपोआप बंद करतं."

"पाणी खाली जायला ती काय बादली आहे? माझा स्टार्टर लावा. मी स्वतः बनवलाय." आणि खरंच मामाने घरून स्टार्टरची पेटी आणली होती, फडक्यात गुंडाळून.

मेहुण्याने मान हलवली. पेटी लागली, बटण दाबलं गेलं, आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी असं कोसळलं की खालीसुद्धा त्याचा आवाज आला. हजार लिटरची टाकी पंधरा मिनिटांत भरून वाहू लागली. ताईने टाळ्या वाजवल्या. मामाने चहाचा कप उचलला आणि मेहुण्याकडे पाहिलं. त्याला वाटलं होतं, पोरगा खजील झाला असेल. पण मेहुणा बोअरच्या तोंडाशी कान लावून उभा होता, शांत. ती शांतताही मामाला खुपली. हरलास तर हरल्यासारखा तरी दिस!

जाताना मेहुणा ताईला म्हणाला, "एका वेळी पंधरा मिनिटांच्या वर चालवू नका. मध्ये तासभर थांबा."

ताईने भावाकडे पाहिलं. मामा हसला. "पंधरा मिनिटं? पंप आहे की गॅसवरचं दूध? चालव गं तू खुशाल."

चौथ्या दिवशी ताईने जमिनीतला मोठा हौद भरायला घेतला. पंप लावून दिला आणि आत जाऊन पडली. तासाभराने बाहेर आली तर हौद पाव भरलेला, नळी कोरडी, आणि मामाच्या स्टार्टरची पेटी हात लावला तर चटका बसेल अशी तापलेली. बटण दाबलं तर नुसतं गुरगुरलं आणि गप्प झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार मामाच्या बाकावर आली. सोबत ताई. येतानाच ती तणतणत होती. "चार दिवस! चार दिवस नाही टिकला त्याचा पंप. घरातला माणूस म्हणून विश्वास ठेवला मी. बोलावलंय मी त्याला इथेच. तुझ्यासमोर जाब विचारते."

मामाने झाकण उघडलं.

सगळ्या गुंडाळ्या सारख्या काळ्या. एकही बाजू सुटलेली नव्हती. खालचे बुश, म्हणजे दांड्याचे आधार, वितळलेले, पंपाची आतली प्लॅस्टिकची चाकं वाकून एकमेकांना चिकटलेली. कोरडी. अर्धा तास तरी पाण्याशिवाय फिरलेली. अशी मोटार त्याने शंभरदा पाहिली होती आणि शंभरदा त्याच्या जिभेवर निकाल तयार असायचा. आज तो पुन्हा पुन्हा आतच पाहत राहिला.

"काय झालंय रे हिला?" ताईने विचारलं.

"बघतो." मामाने चष्मा पुसला. पुसायची गरज नव्हती. मग चाचरत म्हणाला, "ताई, त्याने तो कागद दिला होता ना... आहे का तो?"

"डायरीत आहे की. तेव्हाच तर तुला दाखवत होते." तिने पिशवीतून डायरी काढली आणि घडी त्याच्या काळ्या हातात दिली.

अक्षर मेहुण्याचं, पण मांडणी मामाचीच. सात वर्षं त्याने हीच मांडणी करून घेतली होती. सकाळी पाण्याची पातळी एकशे दहा फूट. छोटा पंप सोडून चार तास उपसा. चार तासांनी पातळी दोनशे नव्वद, तिथे स्थिर. बोअर देते मिनिटाला वीस लिटर. कारंजं म्हणजे आतलं साठलेलं पाणी, त्यावर जाऊ नये. दीड एचपी पुरे, मोठा लावल्यास कोरडा चालेल. एवढं लिहून खाली एक रेघ मारली होती, आणि रेघेखाली लिहिलं होतं: भाऊजींना दाखवून, ते म्हणतील तसंच ठरवावं.

मामाने ती ओळ दोनदा वाचली. मग चष्मा काढला, कारण आता खरंच पुसायची गरज होती.

"मला का नाही गं बोलावलंस आधी?" त्याने विचारलं.

"तुला?" ताई चकित झाली. "चार तास उन्हात बोअरपाशी वाकून बसायचं, तुझ्या त्या कंबरेने? मीच त्याला म्हटलं, मोजायचं तेवढं तू मोज, ठरवेल माझा भाऊ. म्हणून तर कागद ठेवून घेतला तुझ्यासाठी."

आरशात काचेचा दरवाजा उघडला. मेहुणा रस्ता ओलांडून येत होता. मामाला आयुष्यात पहिल्यांदा तो आरसा फोडावासा वाटला.

मेहुणा आत आला. बाकावरच्या उघड्या मोटारीवर त्याची नजर गेली. एकदाच. शिकवलेलं पोर ते, एका नजरेत त्याला सगळं कळलं. त्याने मामाकडे पाहिलं नाही.

"काय रे," ताई सुरू झाली, "हा माल विकतोस तू? चार दिवसांत राख! बाहेरच्यांना असाच देतोस का, की घरच्यांसाठी खास काढून ठेवला होतास?"

मेहुणा जमिनीकडे पाहत उभा राहिला. दुकानात दुसरी दोन गिऱ्हाइकं बसली होती, तीही कान टवकारून. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. कागद तर मामाच्या हातातच होता.

"बदलून देतो, ताई," तो म्हणाला. "माझ्याकडून चूक झाली असेल."

झालं. मामाला आता काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. मेहुणा नवा पंप देणार, ताई चार दिवस त्याच्यावर रागावणार, गावभर होणार की साहेबाचा माल कच्चा. आरशात दिसणारी वर्दळ जरा कमी होणार. तीन वर्षं मामाने मनातल्या मनात जे मागितलं होतं ते ताटात वाढून समोर आलं होतं, आणि वाढणारा स्वतः मेहुणाच होता. आणि ऐका, एक क्षण मामा गप्प बसला. एक क्षण नव्हे, चांगले चार-पाच. खोटं कशाला सांगू?

"तू सांग रे," ताई वळून म्हणाली. "तू काय बघितलंस ते सांग. तू म्हणशील ते खरं."

गिऱ्हाइकंही त्याच्याकडे पाहू लागली. मामाने सवयीने पकड उचलली, एक जळकी तार उपटली आणि वर धरली. पुढचं वाक्यही सवयीचंच होतं, हिला विचारा. ते तोंडातून निघेना.

"मोटार कोरडी चालली," तो म्हणाला. "पंपात दोष नव्हता. पंप मोठा होता. बोअर देते वीस आणि मी ओढायला लावले सत्तर."

"तू?" ताई म्हणाली.

"मी. मोजलं नाही मी. दोरीसुद्धा सोडली नाही." तार त्याने बाकावर ठेवली. "हा दीड म्हणाला म्हणून मी तीन म्हणालो. दुसरं काही कारण नव्हतं, ताई. ह्याच्यावर जळत होतो मी. ह्या मोटारीच्याही आधीपासून."

एका गिऱ्हाइकाने खोकल्याचं निमित्त केलं आणि दोघेही "मग येतो" म्हणून निघून गेले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गल्लीच्या टोकापर्यंत पोचणार हे मामाला कळत होतं.

ताईने त्याला ओरडावं असं त्याला फार वाटत होतं. ती ओरडली नाही. लहानपणी तो पडून आला की जसं पाहायची तसं तिने पाहिलं, आधी कुठे लागलंय ते. मग मेहुण्याला म्हणाली, "तुला माहीत होतं ना रे? मग बोलला का नाहीस?"

मेहुण्याने खांदे उडवले. "भाऊजींच्या दुकानात निकाल भाऊजी देतात."

बघा, आता ह्याला काय म्हणावं! चूक कबूल केली मामाने, आणि तरी मोठा ठरला मेहुणा. मामाला क्षणभर त्याचाही हेवा वाटला. गप्प राहण्यातसुद्धा पोरगा पुढे गेला होता. अशा माणसाची पोटदुखी एका दिवसात बरी होते असं कुणाला वाटत असेल तर वाटो.

मोटार मामाने नव्या तारा गुंडाळून स्वतः भरून दिली, ताईच्या यंत्रावर, आणि ती दुसऱ्या गावच्या भरपूर पाण्याच्या विहिरीवर गेली. ताईकडे दीड एचपी बसला, मेहुण्याच्या पॅनेलसकट. मामाने स्टार्टरची पेटी तशीच फडक्यात गुंडाळून घरी नेली. आरसा त्याने काढला नाही, थोडा सरळ केला. आता दाढी पाऊण दिसते.

महिनाभराने ताईचा फोन आला. आवाजामागे हौदात पडणारी बारीक धार ऐकू येत होती.

"अरे, मागच्या बाजूला अजून चार झाडं लावायची म्हणतेय. नळी किती इंची घालू?"

मामाच्या जिभेवर उत्तर तयार होतं. त्याने मान वर केली. समोर काचेच्या दरवाजाआड मेहुणा कुणाला तरी पंप दाखवत होता.

"त्याला बोलाव," मामा म्हणाला. "तो मोजेल. आणि कागद देईल तो माझ्याकडे घेऊन ये."



"या वेळी बघशील ना?" ताईने विचारलं.